कमाईचा हात

वरवट बकालहून शेगावला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक वयस्कर सर्जन बसले होते. मी त्यांना पाहिलं ते तेवढ्या एका प्रवासात. सबंध वाटेत त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. तिकीट काढणं, चष्मा पुसणं, सगळं डाव्या हातानं, अवघडत.

पुढच्या सीटवरचा व्यापारी मोबाइलवर बातम्या ऐकत होता. मेहनतीच्या कमाईवर जास्तीत जास्त किती कर घ्यावा, त्याला मर्यादा असावी, अशी चर्चा चालली होती. तो मागे वळला.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही तं कराच्या वरच्या पट्टीत. मर्यादा लागली तं तुमचा फायदाच हाय ना?"

डॉक्टरांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. तो एकसारखा थरथरत होता.

"या हातानं जन्मभर लोकायची पोटं उघडली अन् शिवली. कर भरला, तो कधी जड नाही वाटला. आता माह्या कमाईलेच मर्यादा लागली, भाऊ. करावर लावून मले काय होते?"

व्यापारी ओशाळून पुढे वळला.

शेगावला उतरताच एक बाई लगबगीनं येऊन त्यांच्या पाया पडली.

"साहेब, माह्या बहिणीचं ऑपरेशन सांगतलं. तिले दुसरा डॉक्टर नको. तुम्हीच करा."

"घेऊन ये तिले," ते म्हणाले.

बाई समाधानानं गेली. तिच्या पाठीकडे बघत ते पुटपुटले, "नाही म्हणता आलं नाही मले."

ती गर्दीत दिसेनाशी झाली, तरी ते तिथंच उभे होते.