माणसं ओळखायला लागला तेव्हा

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला आणि घरी आल्यापासून तिला धाप लागायला लागली. बाळंतिणीचा अशक्तपणा असेल म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग पाय सुजले, आडवं पडलं की श्वास कोंडायला लागला, तेव्हा नवऱ्याने तिला लोणावळ्याहून पुण्याला हलवलं. बाळंतपणात हृदय कमजोर झालंय, असं निघालं. औषधं अशी होती की अंगावर पाजायचं नाही, वजन उचलायचं नाही. दवाखाना जवळ पडावा म्हणून ती पुण्यात आमच्या आईकडे राहिली. बाळालाही तिथेच ठेवायचं चाललं होतं, पण डॉक्टर म्हणाले, "ते समोर रडलं तर आई उचलल्याशिवाय राहणार नाही." म्हणून तो माझ्याकडे, टाकव्याला आला.

माझ्या दोन्ही मुली शाळेत जायच्या झाल्या होत्या. घरात पुन्हा लंगोट वाळायला लागले. सासूबाई त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या आणि म्हणायच्या, "लय ग्वाड हाय गं प्वार. पर आईच्या अंगाचा वास न्हाई मिळाला त्याला."

तो पहिल्यांदा हसला तेव्हा थंडी होती. ओट्यावर ऊन आलं होतं, मी त्याला दूध पाजत होते. त्याने बाटली सोडली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसला. मी तशीच त्याला घेऊन गच्चीवर पळाले, कारण माझ्या फोनला रेंज तिथेच येते. व्हिडिओ कॉल लागेपर्यंत पठ्ठ्या गंभीर. मी टाळ्या वाजवल्या, चुटक्या वाजवल्या. तो फोनकडे टक लावून बघत राहिला, आणि पलीकडून बहीणही त्याच्याकडे. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे ताई, दमेल तो."

अधूनमधून आम्ही त्याला पुण्याला नेत होतो. गाडी हायवेला लागली की त्याला झोप लागायची, आणि तिथे पोचलो तरी तो उठायचा नाही. मी हलवून जागं करायला गेले की ती माझा हात धरायची. "नको, झोपू दे त्याला." मग ती त्याच्या शेजारी बसून राहायची, एक बोट त्याच्या मुठीत देऊन. निघायची वेळ व्हायची. त्याला जागं करायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. रडला असता थोडा, पण तिला त्याचे डोळे तरी दिसले असते.

शिमग्याच्या सुमारास तो पालथा पडला. सासूबाईंनी शिरा केला. मी फोनवर सांगितलं तेव्हा बहिणीने विचारलं, "कसा वळला गं? हात अडकला का खाली?"

"काय माहीत. मी भाकरी थापत होते. वळून बघते तर हा पोटावर."

"म्हणजे तूही नाही पाहिलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात जरा हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. तेव्हा मला ते लागलं होतं. आता वाटतं, तेवढं तरी तिला मिळालं.

तो बसायला लागला, मग रांगायला लागला. रोज संध्याकाळी गच्चीवर फोन व्हायचा, आणि हळूहळू तो पडद्यावरचा तिचा चेहरा ओळखायला लागला. ती दिसली की हसायचा, फोनवर हात आपटायचा. त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त होतो.

श्रावणात डॉक्टरांनी तिला बाळाला घ्यायची परवानगी दिली. ती आणि तिचा नवरा आले तेव्हा तो माझ्या कडेवर होता. ती नवीन साडी नेसली होती. दारातच तिने दोन्ही हात पुढे केले. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, त्याचा ओठ थरथरला आणि त्याने असा टाहो फोडला की शेजारीण बाहेर आली. माझ्या मानेला घट्ट मिठी मारून तो तोंड वळवायला लागला.

"अरे, आई आहे मी," ती म्हणत होती. "आई आहे ना राजा मी."

सासूबाई म्हणाल्या, "रडू नगं बाय. मानसं वळखाया लागलंय प्वार. शानं झालंय."

मलाही ते ठाऊक होतं. लसीच्या वेळी नर्सबाईंनी सांगितलं होतं की आता हा परक्यांना बघून रडेल, रडला की चांगलंच समजा. पण ते मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

ती जिन्याने गच्चीवर गेली. थोड्या वेळाने तिच्या नवऱ्याचा फोन वाजला, त्याला खालीही रेंज येत होती. तिचाच व्हिडिओ कॉल होता. त्याने फोन बाळासमोर धरला. डोळ्यांत पाणी तसंच असताना तो खुदकन हसला, पडद्यावर हात आपटायला लागला. वर ती रडत होती, आणि तिचा आवाज आम्हाला फोनमधूनही येत होता आणि जिन्यातूनही.

ती आमच्याकडे राहिली. मी मुद्दाम सकाळी भातखाचरावर जायचे, म्हणजे त्याला तिच्याचकडे जावं लागेल. पहिले काही दिवस बांधापर्यंत त्याचं रडणं ऐकू यायचं. मग ते थांबलं. थांबलं ते मला सोसलं नाही, पण हवं होतं तेच होत होतं. गणपतीच्या आधी ती त्याला घेऊन लोणावळ्याला गेली. गाडीत बसताना म्हणाली, "थोडे दिवस येऊ नकोस ताई. तू दिसलीस की तो परत..." मी म्हटलं, बरोबर आहे.

टाकव्याहून लोणावळा कितीसं लांब? पण मी दिवाळीपर्यंत गेले नाही. तोवर तो चालायला लागला. मी गेले तेव्हा तो तिच्या साडीमागे लपला. "मावशी आहे, जा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता आला नाही, आणि तो तिने का लपवावा? मी चहा घेतला, तासभर बसले आणि परतीची गाडी पकडली.

आता तो बालवाडीत जातो. बहिणीची तब्येत बरी आहे, पण पुन्हा बाळंतपण नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. मागच्या महिन्यात भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "ताई, तेव्हा कसा होता गं तो?" मी सांगायला लागले. दूध कसं प्यायचा, कशाला घाबरायचा, जात्याच्या घरघरीने कसा झोपायचा. ती हातातली मेथी तशीच धरून ऐकत होती. पण सांगून सांगून किती सांगणार? पाच मिनिटांत सगळं संपलं. झोप लागेपर्यंत तो माझं मंगळसूत्र मुठीत धरून ठेवायचा, तेवढं मात्र मी सांगितलं नाही.