न विचारता घेतलेली संमती

मंगळवारी बाबांचा अंगठा घेतला. रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात, औषधचाचणीच्या टेबलावर.

बाबांच्या स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पोचला होता. शरीराचीच प्रतिकारशक्ती जागी करून गाठीवर सोडणारं नवं औषध तिथे माणसांवर तपासत होते. बाबा चाचणीच्या निकषांत बसत होते.

टेबलामागच्या बाईंनी गाव विचारलं. पालीजवळचं. मग वाडी विचारली.

"बौद्धवाडी," बाबा म्हणाले.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. शाईचा पॅड पुढे ओढला. बाबांचा अंगठा स्वतःच धरला आणि कागदावर दाबला.

"नशीबवान आहात. फुकट मिळतंय. तुम्हा लोकांना सवयच आहे म्हणा."

बाबांनी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मी ग्रंथपाल.

बाकावर बसून संमतीपत्राची प्रत पाहिली. 'रुग्ण निरक्षर', समोर खूण. खाली साक्षीदाराची सही: रुग्णास सर्व वाचून दाखवले. कुणी एक ओळ वाचली नव्हती. साक्षीदार तिथे नव्हताच.

मी परत टेबलाशी गेले.

"हा कागद रद्द करा. माझे वडील शिक्षक आहेत. वाचून सही करतील."

"जागा जाईल. मागे लोक थांबलेत. औषध हवंय की मान?"

मी बाबांकडे पाहिलं. जीव त्यांचा होता.

"बाय, दोन्ही हवं म्हणून सांग त्यांना. आणि कागद इकडे आण."

अठरा पानं त्यांनी वाचली. कळ आली की ओळीवर बोट ठेवून थांबत. डॉक्टर आले, तेव्हा बाबांनी विचारलं, "या औषधाने आतडी सुजली, तर इथे बघणार कोण?"

"मास्तर, एवढं वाचलं तर कुणी औषधच घेणार नाही."

"मी घेणार आहे. मला विचारा, मग घेतो."

दुसऱ्या दिवशी फोन आला. जागा भरली होती.

बाबा सात आठवड्यांनी गेले. काका म्हणाले, "तुझ्या ताठ्याने माणूस घालवलास." औषधाने ते जगले असते का, मला माहीत नाही. औषधवाल्यांनाही माहीत नव्हतं. म्हणून तर चाचणी होती. चाचणीला बाबांचा विरोध नव्हता. माझाही नाही. न विचारता माणूस वापरायला विरोध आहे.

रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे मी तक्रार दिली. 'समजुतीने घ्या' असा निरोप दोनदा आला. घेणार नाही. सुनावणी लागली आहे. मी जाणार आहे.