दोन कुलपं आणि आमचे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही काम वेळेवर केलेलं नाही, आणि तरीही चौसाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. मी निवृत्त शिक्षक. गावातल्या मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीचा गेली बावीस वर्षं सेक्रेटरी. सभेच्या इतिवृत्तात माझ्या हातून एक काना-मात्रा चुकलेली कुणी दाखवावी. पण माझ्यासाठी कुणी कधी दोन मिनिटं थांबल्याचं मला आठवत नाही. साडूंसाठी फाट्यावर एसटी थांबते. मला त्यांचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे लपवायची कसरत नको.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. ट्रॅक्टर चालवतात. दसरा उलटला की ऊस ओढायला कारखान्यावर जातात, आणि परततात ते एप्रिलात. उरलेले सहा महिने ते गावात नेमकं काय करतात हे त्यांनाही सांगता येणार नाही. घरापासून फाटा दहा मिनिटांवर आहे, त्यांना दीड तास लागतो. वाटेत कुणाच्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवतात, कुणाच्या भांडणात पडतात, कुणाकडे न बोलावता चहाला बसतात. हेच मी केलं तर लोक आतून कडी लावतील. ते आमच्याकडे आले की बायको 'दाजी आले' म्हणून धपाटे थापायला घेते. मला सकाळचीच भाकरी रात्री वाढणारी बाई यांच्या धपाट्यावर लोणी घालते. घरात लोणी आहे हे मला नेहमी त्यांच्या ताटात बघून कळतं.

त्यांची खरी ख्याती प्रार्थनेची. आमच्यात उपासनेत कुणीही उठून आपल्या शब्दांत प्रार्थना करू शकतो. मी करतो ती मोजकी, शास्त्रवचनांसह, व्याकरणशुद्ध. तेवढ्यात दोन-तीन माणसं डुलकी काढून घेतात. साडू उभे राहिले की मात्र सगळे डोळे मिटून कान टवकारतात, कारण गावाची आठवड्याची खबरबात त्यात असते. कुणाची विहीर आटली, कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा मुलगा पुण्याहून फोन करत नाही, सगळं ते देवाच्या कानावर घालतात. एका रविवारी त्यांनी भरल्या उपासनेत हात वर करून म्हटलं, "प्रभू, आमच्या गुरुजींची मूळव्याध तुला ठावंच हाय. गुरुजी मोठे मानी मानूस, सोताहून सांगायचे न्हाईत. तूच बघ." मी डोळे उघडले. समोरच्या सतरंजीवरच्या सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. घरी जाताना चौघांनी मला ताक प्यायला सांगितलं. मी साडूंना जाब विचारला तर म्हणाले, "कावून चिडता, गुरुजी? गुण आला का न्हाई ते सांगा." गुण आला होता, पण मी ते कबूल केलं नाही.

मग मंडळी फुटली. आमच्यात पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बदल्या वरून होतात. आमच्या जुन्या पाळकसाहेबांच्या बदलीचा कागद आला आणि निम्मे लोक म्हणाले, हुकूम तो हुकूम. निम्मे म्हणाले, आम्ही यांना जाऊ देणार नाही. मी न जाऊ देणाऱ्यांत होतो. गंमत अशी की ज्यांच्यासाठी आम्ही जिवाचं रान केलं ते पाळकसाहेब निमूटपणे टेम्पोत सामान भरून नव्या गावी गेले, आणि भांडण तेवढं मागे राहिलं. नवे पाळक आले. हुकूमवाले साडेदहाला त्यांच्या उपासनेला बसू लागले. आम्ही सकाळी आठची वेळ धरली आणि उपासना मी चालवू लागलो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांची प्रवचनं लिहून घेतली होती.

पुढे आमच्या लोकांनी त्यांना अडवायला देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) दाराला कुलूप ठोकलं. त्यांनी आम्हाला अडवायला दुसऱ्या कडीला आपलं कुलूप ठोकलं. दोन्ही उघडल्याशिवाय दार उघडत नाही, हे ध्यानात आलं तेव्हा दोन्हीकडचे लोक ओट्यावर एकमेकांकडे पाठ करून बसले होते. असे तीन रविवार गेले. समेटासाठी मी पलीकडच्यांना सुवाच्य अक्षरात चौदा पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी दोन्हीकडून एकच नाव निघालं. किल्ल्या साडूंकडे द्या. ते आठच्या उपासनेलाही बसत आणि साडेदहाच्याही, आणि जेवायला दोन्हीकडे. कुणी विचारलं, "तुमी नेमके कुनाचे हो?" तर म्हणत, "ज्याचं कालवण आधी व्हईल त्याचा." माझ्या हातातली किल्ली मी त्यांच्याकडून रीतसर पोच लिहून घेऊन दिली. त्यांनी ती पलीकडच्यांच्या किल्लीसोबत एकाच सुतळीत ओवून गळ्यात घातली.

आणि हा माणूस आठला दार उघडेना. कधी सव्वानऊ, कधी साडेनऊ. आमची उपासना उशिरा सुरू होई, मग साडूंची प्रार्थना, ती हल्ली आणखीच लांबलेली. तोवर साडेदहाचे लोक येऊन मे महिन्याच्या उन्हात उभे. बाया पदर डोक्यावर घेऊन दारात येत, मग आतल्या सतरंजीच्या कडेला टेकत. आमचं शेवटचं गीत त्यांनाही पाठ असायचं, ते गप्प कसे बसतील? नवे पाळक उभे राहीपर्यंत आमच्या लोकांना बाहेर पडायला वाट उरत नसे. पोळ्यापर्यंत अशी गत झाली की कोण कुठल्या उपासनेचा हे माझ्या हजेरीपुस्तकालाही कळेना. मी साडूंना बोललो, "तुमच्यामुळं शिस्त राहिली नाही." ते म्हणाले, "व्हय, लई वंगाळ झालं," आणि धपाट्याला हात घातला.

आमच्या भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणारे साहेब सप्टेंबरात यायचे होते. त्यांनी आधीच कळवलं होतं, की दोन चुली राहणार असतील तर पुढच्या वर्षी इथे पाळक मिळणार नाही. देऊळ बंद करून आम्हाला दुसऱ्या मंडळीला जोडून टाकतील. माझ्या आज्यानं डोक्यावर दगड वाहून बांधलेलं हे देऊळ. मी रात्रीचा दिवस करून ऐक्याविषयी अकरा पानी अहवाल तयार केला. वाचल्यावर साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवतील, इथवर मी मनात पाहून ठेवलं होतं. साहेब आठला हजर झाले. दाराला दोन कुलपं, आणि साडूंचा पत्ता नाही. ऊन चढलं तशी सगळी माणसं आवारातल्या एकुलत्या कडुलिंबाच्या सावलीत दाटीनं सरकली, आणि सगळ्यांचा विषय एकच झाला, साडूंना शिव्या घालण्याचा. साहेबांनी तासभर ते ऐकलं आणि मला विचारलं, "यातले दोन गट कोणते?" मला बोट दाखवता येईना. साडेनऊला साडू आले. "लिंबागणेशला गेलतो, पाव्हन्याची म्हस अडली व्हती." सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, "नाताळला पुन्हा येतो. तेव्हाही असेच दिसलात तर पाळकांचं बघू." साडू म्हणाले, "साहेब, गुरुजींनी लई लिवून आनलंय, तेवढं ऐका." पण साहेबांना चौसाळ्याला पुढची सभा होती. अहवाल माझ्या पिशवीत राहिला.

दसऱ्यानंतर साडू कारखान्यावर निघाले. आदल्या संध्याकाळी कंबर धरत आमच्या ओट्यावर बसले आणि दोन्ही किल्ल्यांची सुतळी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "कंबरेला काय झालं?" म्हणाले, "ट्रॅक्टरवर बसून धरती. कुनाला सांगू नका, लोक उगं इचारत बसत्यात." दुसऱ्यांची मूळव्याध चव्हाट्यावर मांडणारा माणूस हे म्हणत होता. जाताना वळून म्हणाले, "एक सांगू का, गुरुजी? लवकर जात जाऊ नका." मी मनात म्हटलं, आळशाचा उपदेश.

पुढच्या रविवारी मी आठच्या ठोक्याला दार उघडलं. आमचे लोक आले, सव्वानऊला उपासना आटोपून गेले. साडेदहाला पलीकडचे आले. कुणाची कुणाशी गाठ पडली नाही. मला वाटलं, शिस्त परत आली. असे पाच-सहा रविवार गेले आणि एक दिवस पलीकडच्या एका म्हातारीनं मला रस्त्यात पाहून तोंड फिरवलं. पोळ्याला तिनंच माझ्या हातावर पुरणपोळी ठेवली होती. त्या रात्री मी अंथरुणात उठून बसलो. चौदा पत्रं आणि अकरा पानं लिहिणाऱ्या माणसाला जे जमलं नाही, ते साडूंनी नुसतं उशिरा येऊन केलं होतं. आणि मी ते दीड महिन्यात मोडलं होतं. मला त्यांचा इतका हेवा कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही.

त्यानंतरच्या रविवारी मी सहापासून आंघोळ करून, कोट घालून घरात बसलो. बायको म्हणाली, "आठ वाजले. जात नाही का?" मी म्हटलं, "थांब. उशीर व्हायचाय." बसवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा उशीर करत होतो, किल्ल्या मुठीत ओल्या झाल्या. नऊला साडूंचा फोन आला. मागे ट्रॅक्टरची घरघर. "उघडलं का, गुरुजी?"

"न्हाई अजून."

त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. मग म्हणाले, "मग बसा निवांत. च्या घ्या."

पुढचे रविवारही मी असेच काढले आणि नाताळलाही दहा वाजवले. थंडीत सगळे पूर्वेच्या भिंतीला उन्हात चिकटून उभे होते, साहेबही त्यांच्यातच, आणि या वेळी शिव्या मला चालल्या होत्या. मला फार बरं वाटलं. आत साहेब भिंतीला टेकून बसले, आणि जाताना नव्या पाळकांना म्हणाले, "घराचे पत्रे बदलून घ्या, गळतात. पुढचा पावसाळा इथंच काढायचाय तुम्हाला."

त्याआधी प्रार्थनेला मी उभा राहिलो. वचनं पाठ होती. पण डोळे मिटले तर डोळ्यांपुढे उसाच्या फडाच्या वाटेवर हिसके खात जाणारा तो ट्रॅक्टर आला, आणि तोंडातून भलतंच निघालं, "प्रभू, आमच्या साडूंची कंबर तुला ठावंच हाय. ते सोताहून सांगायचे न्हाईत. तूच बघ." कुणी डुलकी घेतली नाही. उपासना सुटल्यावर चौघांनी मला थांबवून त्यांच्या कंबरेची चौकशी केली. दोघं आमचे होते आणि दोघं पलीकडचे.