मॅनेजरचा सत्कार

माझ्या नवऱ्याला गावात सगळे ‘मॅनेजर’ म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, बँकेत असतील. एकदा माझ्या एका मावसभावालाही तसंच वाटलं होतं आणि तो फोटो वगैरे घेऊन खातं उघडायला आला होता. प्रत्यक्षात हे एका व्यापाऱ्याच्या मिरचीच्या पथारीवर देखरेख करतात. मॅनेजर आहेत ते आमच्या गावच्या फुटबॉल टीमचे.

पथारी म्हणजे ओली लाल मिरची पसरून वाळवायचं मोकळं रान. नंदुरबारच्या आसपास अशा पुष्कळ आहेत. आमच्या गावची शिवेला आहे आणि तिला लागूनच टीमचं मैदान आहे. हंगामात वारा सुटला की पाहुण्या टीमला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी यायला लागतं, त्यांचा गोलकीपर बाहीला नाक पुसत उभा असतो आणि तरीही गोल आमच्यावरच होतो. धाकटी पोटात होती तेव्हा यांनी टीम हातात घेतली. धाकटी आता नाशिकला कॉलेजात आहे. एवढ्या काळात कप एकही आलेला नाही. कप ठेवायला म्हणून सुताराकडून मोठ्या हौसेने काचेचं कपाट करून घेतलं होतं, त्यात मी पापड-कुरडयांचे डबे ठेवते.

आमचं घर मैदानाच्या समोर आणि दारात मोठा लिंब. त्यामुळे रविवारी मॅच संपली की टीमचे चाहते थेट आमच्या ओट्यावर येतात आणि मॅनेजरला काढावं की ठेवावं यावर चर्चा करतात. होय, मॅनेजरच्याच ओट्यावर. मॅनेजर तेव्हा घरी नसतात, मिरची गोळा करून ताडपत्र्या टाकायला पथारीवर गेलेले असतात. चहा मी करते. बोलणं फारच लागलं तर त्या रविवारी साखर निम्मी टाकते. अजून कुणी काही म्हटलेलं नाही, पण कळतं त्यांना.

ओट्यावर तसे बरेच जण असतात, पण तोंड चालतं ते तिघांचं. पहिला चक्कीवाला. गावाचं पीठ त्याच्याकडे दळलं जातं. चक्कीच्या आवाजात बोलून बोलून त्याची सवय अशी झालीय की कानात सांगितलेलंही पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. दुसरा रिक्षावाला. हा टीमला फुकट नेतो-आणतो आणि मोबाइलवर विलायतेतल्या मॅच बघतो, त्यामुळे त्याला सगळं कळतं. तिसरे गुरुजी. मी गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा ते आमचे मुख्याध्यापक होते. आता निवृत्त आहेत आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात भाषण त्यांचंच असतं.

“विलायतमा तीन मॅच हारना का मॅनेजरले घर धाडी देतस,” रिक्षावाला म्हणायचा.

“ह्याले कोठे धाडशी?” चक्कीवाला म्हणायचा. “त्यानं घर ते हाईच शे. आपुनच आठे बठेल शेतस.”

“संयम ठेवा. संघ घडायला वेळ लागतो,” गुरुजी म्हणायचे.

“गुर्जी, संघ घडता घडता पोऱ्या बाप व्हई गयात!”

मग मी चहा घेऊन बाहेर आले की चक्कीवाला कप उचलून सगळ्यांना दाखवायचा. “आमना नशीबमा हाऊच कप शे, वहिनी.”

मला राग यायचा, हसूही यायचं. खरं सांगायचं तर यांनी टीम सोडावी असं मलाही वाटायचं. टीमपायी किती लग्नं चुकली, किती रविवार गेले! चिखलाचे बूट माझ्या ओट्यावर वाळतात, मोजे तर विचारूच नका. जेवायला बसले की मी सुरू करायचे, “सोडी द्या ती टीम आते.” हे खाली मान घालून भाकरी मोडायचे. आणि मॅनेजर म्हणून यांचा दोष काय आहे, हे चक्कीवाल्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं. हे खेळणाऱ्याला बाहेर काढत नाहीत. पोरगा कितीही वाईट खेळो, मॅच चालू असताना त्याला बोलावून दुसऱ्याला पाठवणं यांना जमत नाही. का, तर “पोऱ्याले वाईट वाटी.” एकदा निम्मी टीम दमून उभी होती आणि बाकावर ताजी पोरं शेंगा खात बसली होती.

मागच्या हंगामात फायनल लागली तोरणमाळकडच्या टीमशी. डोंगरातली ती पोरं, रोज चढ चढून शाळेत जाणारी. आमचं सपाट मैदान म्हणजे त्यांना अंगण. शेवटाला आमच्या बचावातल्या एका पोराच्या पोटरीत गोळा आला. तो लंगडत होता आणि हे त्याला “शाब्बास, शाब्बास” म्हणत होते. सगळं मैदान ओरडलं, “काढा त्याले!” मीसुद्धा ओरडले. यांनी काही त्याला काढलं नाही. गोल त्याच्याच बाजूने झाला. उपविजेत्याची ढाल तेवढी मिळाली. डोंगरातली पोरं कप डोक्यावर घेऊन नाचली. चांगली खेळली होती, मी टाळ्याही वाजवल्या.

त्या रविवारी ओट्यावर चर्चा नव्हतीच, निकालच होता. यांना काढायचं ठरलं. प्रश्न एवढाच, सांगायचं कुणी? गावात तोंडावर सांगणं सोपं नसतं. हे कुणाचे व्याही लागतात, कुणाचे मेहुणे, आणि अर्ध्या टीमला यांनीच पोहायला शिकवलेलं. मी आत भांडी विसळत होते. खिडकी उघडी होती. चक्कीवाल्याने आवाज लहान केला, म्हणजे फक्त आमच्या घरापुरता केला.

“सत्कार करी टाकू,” तो म्हणाला.

मग सगळ्यांनाच ते पटलं. आपल्याकडे माणसाला ‘आता पुरे’ असं सांगायची हीच रीत आहे. शाल खांद्यावर पडली, हातात नारळ आला की शहाण्या माणसाने समजून घ्यायचं. भाषण गुरुजी करतील. आजवरच्या सेवेबद्दल आभार मानतील, आणि टाळ्या संपायच्या आत चक्कीवाला उठून नव्या मॅनेजरचं नाव जाहीर करेल. नवा मॅनेजर म्हणजे रिक्षावाला. त्याने आधी “माले कसाले? माले कसाले?” केलं आणि मग ट्रॅकसूट कोणत्या रंगाचा घ्यावा असं विचारलं.

मी चहा घेऊन गेले तर सगळे एकदम गप्प. “दादाना सत्कार करी ऱ्हायनूत, वहिनी,” चक्कीवाला म्हणाला. “मोठा!”

“करा की,” मी म्हटलं. चहात त्या दिवशी साखरच नव्हती.

संध्याकाळी यांच्या कानावर सत्काराची बातमी गेली आणि घरात सणच सुरू झाला. धाकटीला फोन झाला. पांढरा शर्ट निघाला. “कसाना सत्कार?” मी मुद्दाम विचारलं. “काही न जिंकाना?” पण यांना बोचलं नाही. “इतलं वरीसनं काम पाह्यनं लोकेसनी,” म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण मनात आलं, मला तरी दुसरं काय हवं होतं? टीम सुटेल, रविवार मोकळे होतील, आणि शाल मिळून सुटेल, अपमान होऊन नाही. मी गप्प बसले. पुढचे दोन-चार दिवस हे आरशासमोर उभं राहून उत्तराच्या भाषणाची तयारी करत होते. त्यात आभार थोडेच होते. पुढच्या वर्षी कुणाला पुढे खेळवायचं आणि डोंगराकडचा एक पोरगा टीममध्ये कसा आणायचा, हेच सगळं होतं. मी पोळ्या लाटत ऐकायचे आणि पोळ्या वेड्यावाकड्या व्हायच्या.

सत्कार मैदानातच ठेवला होता, उन्हं कलल्यावर. टेबलावर चादर, त्यावर शाल, नारळ, हार. बायकांच्या खुर्च्या एका बाजूला होत्या, मी पहिल्या रांगेत. रिक्षावाला शेवटच्या रांगेत होता, निळा कोरा ट्रॅकसूट घालून, लग्नाला येऊन बसलेल्या वऱ्हाड्यासारखा अवघडलेला. टीमची पोरं गोलपोस्टजवळ उभी होती. यांच्या खांद्यावर शाल घातली गेली, हातात नारळ दिला गेला, आणि गुरुजी बोलायला उभे राहिले.

भाषण छान होतं. “यांनी या संघासाठी घाम गाळला. मुलांना शिस्त लावली. पराभवातही संघ एकत्र ठेवला. ते केवळ मॅनेजर नव्हते, मुलांचे पालक होते...”

मी चौथीच्या मुलांना काळ शिकवते. गाळला, लावली, ठेवला, होते. एका वाक्यात वर्तमानकाळ येईल तर शपथ! शोकसभेत बोलतात तसं गुरुजी बोलत होते, फक्त माणूस समोर उभा होता. मी यांच्याकडे पाहिलं. सुरुवातीला चेहऱ्यावर हसू होतं, ते हळूहळू कमी होत गेलं. यांनी एकदा चक्कीवाल्याकडे पाहिलं, मग मागे त्या निळ्या ट्रॅकसूटकडे. मग मान वळवून पोरांकडे पाहत राहिले. नारळ दोन्ही हातांनी धरला होता. ज्या माणसाने आयुष्यात एका पोराला मैदानाबाहेर बोलावलं नाही, त्याला हे लोक सगळ्या गावासमोर बाहेर काढत होते, आणि ते त्याला आत्ता, नारळ हातात असताना कळलं होतं. रविवार नकोत मला, बूट वाळू देत ओट्यावर, असं वाटायला लागलं. पण आता वाटून काय उपयोग?

गुरुजी समारोपावर आले होते. चक्कीवाला उठायच्या बेतात खुर्चीच्या टोकावर सरकला होता. गुरुजींनी आवाज चढवला, डोळे मिटले, आणि इतकी वर्षं प्रत्येक सत्कारात जे म्हटलं तेच त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. “आणि यापुढेही त्यांचं मोलाचं मार्गदर्शन आपल्या संघाला असंच लाभत राहो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवतो.”

संपवले आणि शांतपणे जाऊन बसले. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. चक्कीवाला अर्धा उभा, अर्धा बसलेला, तोंड उघडं. चक्की अचानक बंद पडल्यावर होतो तसा सन्नाटा सगळीकडे पसरला.

मी टाळी वाजवली.

विचार करून नाही वाजवली. दोन्ही हात वर करून, बांगड्या वाजतील अशी, जोरात वाजवली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चक्कीवाला माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवत राहिले. शेजारच्या बायकांनी साथ धरली. मग गोलपोस्टजवळून पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि मग कुणाचंच काही चालेना. शेवटी चक्कीवाल्यानेही टाळ्या वाजवल्या, व्यासपीठावर बसल्यावर दुसरं करणार काय? सगळ्यांत जोरात तर नव्या मॅनेजरनेच वाजवल्या. सुटल्यासारखा दिसत होता बिचारा.

हे उत्तराला उभे राहिले. आरशासमोरचं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. घसा दोनदा खाकरला आणि म्हणाले, “तुमी इतलं म्हनी ऱ्हायनात, ते मी नही कसं म्हनू?” मैदानात हशा पिकला. चक्कीवालाही हसला, डोकं हलवत हलवत.

घर समोरच, पण आम्ही लगेच गेलो नाही. ताडपत्र्या टाकायच्या होत्या म्हणून मीही मोटारसायकलवर मागे बसून, शेतांच्या कडेने वळसा घेत, पथारीच्या पलीकडच्या टोकाला गेले. यांनी शाल काढली नव्हती. वाटेत गाडी हळू केली.

“माले समजनं व्हतं,” म्हणाले.

“माले बी.”

“मंग टाळी काबर वाजाडी? तूच ते रोज म्हनस ना, सोडी द्या, सोडी द्या.”

“मी म्हनसू,” मी म्हटलं. “मन्हा हक शे. त्या लोके कोन लागी गयात?”

यांना इतकं हसू आलं की गाडी रस्ता सोडून कडेच्या कापसात जाता जाता राहिली. माझे मात्र डोळे भरून आले. वारा पथारीकडून होता, म्हणून कुणी विचारलंच असतं तर मिरचीचं नाव सांगता आलं असतं.

यंदाही कप आलेला नाही. उपांत्य सामन्यातच हरलो, तोही एका दमलेल्या पोराला बाहेर न काढल्यामुळे. त्या रात्री जेवताना मी यांना चांगलंच फैलावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेले तेव्हा चक्कीवाल्याने विषय काढायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने गहू चक्कीत घातले.