ठेवू नोका बरं, मी आहो

सुलोचनाताई राठोड फोन उचलल्यावर कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. "ठेवू नोका बरं, मी आहो," असं म्हणत आणि मगच कोण बोलतंय ते विचारत. मारेगावच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी हिशेबनीस म्हणून रुजू झालो, त्या सकाळी हे वाक्य ऐकून मला वाटलं, बाईंचं कुणाशी तरी वाजलंय आणि पलीकडचा फोन आपटायच्या बेतात आहे. दुपारपर्यंत कळलं, की हे सगळ्यांनाच आहे. कापसाचा भाव विचारणारा शेतकरी असो, सरकीचा व्यापारी असो, नाहीतर खुद्द मालकांचे जावई.

एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिकडचा माणूस अधांतरी उभा रायते न भाऊ. त्याले पहिले बसवा लागते. नाव-गाव काय, मंगही इचारता येते."

आवाज भरदार, किंचित घोगरा. व्यापाऱ्यांशी हिंदी, गाववाल्यांशी वऱ्हाडी आणि तांड्यावरून फोन आला की बंजाऱ्यांची गोरमाटी. तांड्यावरची माणसं त्यांना याडी म्हणत, म्हणजे आई. जिनिंगमध्ये प्रत्यक्ष आलेला माणूस आधी ऑफिसात डोकावून 'ते फोनवाली बाई कोणती' हे पाहून जायचा. आम्हा बाकीच्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

हंगामात फोन इतके वाढले, की मालकांनी यवतमाळच्या गजूभाऊंकडून नवं एक्स्चेंज बसवून घेतलं. गजूभाऊ त्याला सिस्टिम म्हणत, ताई पेटी म्हणत. पेटी गुणाची, पण आठवडाभर सलग चालली की बधिर व्हायची. म्हणून गजूभाऊंनी तिला वेळापत्रक लावून दिलं. दर रविवारी दुपारी ती आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणार आणि रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्यातलं सगळं मागं खोचलेल्या पेनड्राइव्हवर उतरणार. "उद्या पेटी जळली तरी टेन्शन नाई, ताई," गजूभाऊ म्हणाले. "तिचा सारा जीव ह्या पेनड्राइव्हमंदी हाये." जाताजाता त्यांनी विचारलं, की स्वागताचं बोलणं तुमच्या आवाजात भरून ठेवू का? ताई उखडल्या. "मी इथं जितीजागती बसली असतांनी पेटी कायले बोलते? राहू द्या तुमचं."

रविवारी पेटी बंद व्हायला लागली, की ताई तिच्यावर हात ठेवून म्हणत, "झोप बाई घडीभर. तुलेही कोनी इचारत नाई." पेटी उठली की तेवढ्यात हुकलेले फोन आपणहून लावून माणसांना पुन्हा बसवून घेत.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी वजनकाट्यापासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. ताईंनी पेटीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मागचा पेनड्राइव्ह हलकेच काढून ताटात ठेवला. जीव त्यात आहे म्हटल्यावर पूजा त्याचीच व्हायला हवी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पूजेनंतर मी तो परत खोचायला निघालो, तर ताईंनी अडवलं. "राक्षसाचा जीव पोपटात होता, तं पोपट काय राक्षसाच्या खिशात ठेवला होता का? पेटी जळली तं हेही जळन. देवीपाशी राहू द्या." त्यांचं म्हणणं इतकं बिनतोड होतं, की मालकांनीही मान डोलावली. पेनड्राइव्ह ऑफिसातल्या देवीच्या तसबिरीखाली गेला. रोज उदबत्ती ओवाळली की त्यालाही ओवाळली जायची. पेटी रोज दुपारी आपला जीव उतरवायला बघत होती आणि उतरवायला जागा नव्हती, हे तिनं आम्हाला सांगितलं नाही. जे काही सांगत असेल ते गजूभाऊंच्या लॅपटॉपवरच दिसायचं आणि गजूभाऊ बोलावल्याशिवाय येत नसत.

दिवाळीनंतर ताईंचा आवाज बसला. सगळे म्हणाले, रुईच्या धुळीनं होतं, गुळण्या करा. गुळण्यांनी काही होईना, तेव्हा त्यांच्या मुलानं नागपूरला नेलं. घशात कॅन्सर निघाला. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

ऑपरेशनला जायच्या आधी त्या ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "गजूभाऊले बलावा. भरून घ्या माहा आवाज." त्या दिवशी जिन आम्ही मुद्दाम थोडा वेळ थांबवलं, खडखड मध्ये येऊ नये म्हणून. आवाज फोनवरूनच भरायचा होता, म्हणून गजूभाऊंनी लॅपटॉप आणलाच नव्हता. ताईंनी रिसीव्हर कानाला लावला, घोटभर कोमट पाणी घेतलं आणि बसक्या आवाजात बोलल्या, "ठेवू नोका बरं, मी आहो. घडीभर थांबा, माणूस येऊन राह्यला." गजूभाऊंनी पुन्हा घेऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, "नाई. निघाला तसा निघाला." गजूभाऊ तोंड फिरवून वायरी आवरत बसले. मला तर तिथं थांबवेना.

ताई वाचल्या. गळ्याशी भोक, त्यावर पदर आणि बोलणं संपलं. त्या घरी राहू लागल्या. रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा फोन वाजायचा आणि त्यावर त्यांचा नंबर दिसायचा. पहिल्यांदा मी घाईनं उचलला, तर पलीकडे नुसता श्वास आणि मग फोन बंद. मग उलगडलं. त्यांना आमच्याशी काम नव्हतं. इकडे घंटी वाजते तोवर पेटी पलीकडे काय म्हणते, तेवढं त्यांना ऐकायचं होतं. तेव्हापासून त्या नंबरला कुणी हात लावत नसे. ताईंचं पूर्ण ऐकून होईस्तोवर आम्ही डबे उघडे ठेवून गप्प बसायचो.

वैशाखात वादळ आलं, जिनवर वीज कडाडली आणि पेटी जळाली. दुसऱ्या दिवशी गजूभाऊ नवी पेटी घेऊन आले. फोन लागत नाही म्हणून ताईही आल्या होत्या. "घाबरता कायले? बॅकप हाये न," गजूभाऊ म्हणाले. ताईंनीच देवीपाशी जाऊन पेनड्राइव्ह उचलला, कपाळाला लावला आणि त्यांच्या हातात दिला. कुंकवानं तो लाल झाला होता.

गजूभाऊंनी लॅपटॉपवर पाहिलं, परत पाहिलं. मग हळूच विचारलं, "ताई, हे मशिनीतून कवा काढलं होतं?"

ताईंनी देवीच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. पेनड्राइव्हवर नवमीच्या आदल्या दिवसापर्यंतचं सगळं होतं. सगळ्यांचे नंबर होते, कुठल्या टेबलावर कुठला फोन तेही होतं. ताईंचा आवाज त्यानंतरचा.

जळकी पेटी गजूभाऊंनी नागपूरपर्यंत फिरवून आणली. ताईंच्या घरच्या मोबाइलमध्येही आम्ही शोध शोध शोधलं. मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत बँडच्या गदारोळात त्यांचं "जेवून घ्या" एवढं सापडलं, तेही अर्धवट. यापुढं करण्यासारखं काही नव्हतं. कुणावर चिडायचं तेही कळेना. देवीवर का पेटीवर? गजूभाऊ मात्र त्याच दिवशी कपाळावर हात मारून म्हणाले होते, "म्या सांगाले पायजे होतं." ताईंनी हातानंच त्यांना 'राहू द्या' म्हटलं होतं. मग पदरानं पेनड्राइव्हचं कुंकू पुसलं होतं आणि तो नव्या पेटीच्या मागं स्वतःच्या हातानं खोचला होता.

नव्या पेटीत एक तयार आवाज आहे. गोड, कुठलाच नसलेला. ती बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला, ताईंचा नंबर. तो आवाज पलीकडे आपलं सगळं बोलून मोकळा झाला असणार, तरी फोन वाजतच राहिला. ऑफिसात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उचलला. पलीकडे तोच श्वास. समजावण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं, म्हणून जे होतं तेच म्हणालो.

"ठेवू नोका बरं ताई, मी आहो."

त्यांनी ठेवला नाही.