बाहेरकाठ्यावर गाडी

आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट "हे होऊ दे, मग बघू" या वाक्यावर अडते. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन कुठंतरी लांब जायचं ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "लावणी होऊ दे." लावणी झाली तर गणपती आले. गणपती गेले तर कापणी उभी. असं करता करता बरीच वर्षं गेली आणि आमची मजल काही अलिबागच्या पुढे सरकली नाही.

बायको गडबच्या बाजूची, डोंगराच्या अंगाची. तिच्या माहेरी भात आणि वाल होतात. पाणी आभाळातून येतं आणि उतारावरून निघून जातं. आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. इथं शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मधे फक्त मातीचा बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती त्या काठ्यावर उभी राहिली. एका बाजूला खाडी तुडुंब, दुसऱ्या बाजूला तिच्याहून खाली आमचं भात. म्हणाली, "तुमी भात पिकवता का दर्या राखता?" मला भयंकर राग आला होता. माझं डोकं तसं लवकर तापतं, आणि खरं बोललं की जरा जास्तच.

मी रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. तिथं आमच्या डिपार्टमेंटच्या तिघा-चौघांना जुन्या जीपगाड्या घेऊन सुट्टीला रोह्यामागच्या डोंगरातल्या वाटा तुडवायचं वेड. एकदा त्यांच्याबरोबर गेलो आणि मलाही ते लागलं. एका ठेकेदाराची वापरून वापरून कंटाळलेली फोर बाय फोर गाडी स्वस्तात मिळाली. घरी आणली तर आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे धूड कशाला?" म्हटलं, बायकोला बर्फ बघायचाय, हिच्यातून हिमालयात जायचं. आई म्हणाली, "मंग आधी तिला आपल्या दारात उभी तर र्‍हाऊ दे." खरंच होतं. हँडब्रेक लागत नव्हता, चाकाखाली दगड ठेवला होता.

पुढचं वर्षभर आम्ही नवरा-बायकोनं त्या गाडीचा संसार केला. वडखळच्या मिस्त्रीनं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जास्तीचे पाटे घालून गाडी उंच केली. मोठ्या खाचांचे टायर आले. हायवेवर अपघाताच्या गाड्या ओढणाऱ्या एकाकडून जुनं विंच घेतलं, म्हणजे पुढच्या बंपरवर बसणारा, पोलादी तार गुंडाळून घेणारा विजेचा रहाट. गाडी रुतली की झाडाला तार बांधायची आणि स्वतःलाच ओढून काढायचं. इंजिनाला पाण्यातून जाताना हवा मिळावी म्हणून बोनेटच्या उजव्या अंगानं टपापर्यंत एक पाइप चढवला. तो लावून पेणच्या बाजारातून येत होतो, तर गणपतीच्या कारखान्याच्या दारातून एक जण ओरडला, "उजव्या सोंडेचा हाय! सोवळं नीट पाळा!" बायको अख्खा रस्ता हसत होती.

मागची बाजू तिची. सीट काढून तिनं मापं घेतली, सुताराकडून फळ्यांचा बिछाना करून घेतला, खाली स्टोव्हचा खण. फोमची गादी आणून तिला छत्रीच्या कापडाची खोळ शिवली, बर्फात ओल धरायला नको म्हणून. त्या खोळीला तिनं कडेनं लाल पट्टीही लावली. ती पट्टी कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाली, "हौसेला मोल नसतं, गप बसा."

त्या वर्षी कंपनीनं सलग रजा दिली. लावणी उरकली. सामान भरलं, टाकी भरली. आता काय अडणार होतं? तर आई म्हणाली, "अवस होऊ दे. अवसेला कुनी घर सोडतं काय?" मी चिडलो. बायकोनं डोळ्यांनीच मला थांबवलं. इतकी वर्षं थांबलो, आणखी दोन दिवस काय मोठे, असं ते बघणं होतं.

अवसेच्या सकाळी काका पळत दारात आले. काका म्हणजे माझे चुलते, आणि आमच्या गावच्या उघाडीची देखरेख त्यांच्याकडे. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. ओहोटीला तो आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडतो आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्यानं मिटतो. रात्रीच्या पावसात वरून वाहून आलेला झाडाचा ओंडका त्या दारात अडकला होता. दार मिटेना.

"वयनी," काका आईला म्हणाले, "दार उघडं हाय आनि भरती लागली."

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. अवसेचं उधाण दुपारी भरतं. तोवर दार मिटलं नाही तर खारं पाणी सरळ आत. लावून आठवडा झालेलं रोप दोन दिवसांत जळणार, आणि जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे. आमचंच नाही, साऱ्या गावाचं.

गावातले बहुतेक बाप्ये पहिल्या शिफ्टला गेलेले. उरलेल्यांनी दोर लावून ओंडका ओढून बघितला. बायका लागल्या, म्हातारे लागले. ओंडका हलला नाही. मग काका माझ्याकडे बघायला लागले. मीही त्यांच्याकडे बघत होतो, कारण दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती. पावसात काठ्यावर चाक नाही, हा आमच्या गावचा जुना नियम. भिजलेली माती चाकानं कापली जाते. पोरं मोटारसायकल घेऊन वर गेली तरी काका शिव्या घालत धावतात.

"आज आन," काका म्हणाले.

टायरमधली हवा कमी केली म्हणजे चाक चिखलात पसरून चालतं, हे डोंगरात शिकलो होतो. तशी हवा सोडली आणि गाडी काठ्यावर घातली. एका अंगाला खाडी चढत होती, दुसऱ्या अंगाला हिरवं रोप. काठ्याची रुंदी गाडीपेक्षा थोडीच जास्त. माझ्या तोंडातून देवाचं नाव निघत नव्हतं, शिव्याच निघत होत्या.

काका कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि तार ओंडक्याला घातली. तार तुटली तर उसळून माणूस कापते, म्हणून तिच्यावर ओली गोणपाटं टाकली आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. मी बटण दाबलं. तार ताठ झाली. ओंडका जागचा हलला नाही, गाडी हलली. बसल्या बसल्या मला कळलं की आपण खाडीकडे सरकतोय.

"माग धरा गो तिला!" आई ओरडली. बायका मागच्या बंपरला लोंबकळल्या, दोघी-तिघी आत शिरून बिछान्यावर बसल्या. गाडी तरी तिरपी होत काठ्यावर जवळजवळ आडवी आली. मग पुढची चाकं खाडीकडच्या कडेत रुतली, मागची शेताकडच्या कडेत, आणि ती थांबली. विंच कण्हत होतं. ओंडका एकदम मोकळा झाला, आणि उघाडीचं दार आपटल्याचा आवाज मला काच बंद असूनही ऐकू आला.

असा आरडाओरडा झाला, की काय सांगू. काका पाण्यातूनच हात जोडत होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वाटलं, सुटलो. मग गाडी काढावी म्हणून रिव्हर्स टाकला.

तेवढ्यात बोनेटवर धाडधाड हात बसले. बायको होती. चिखलानं माखलेली, केस तोंडावर. ती शेताच्या बाजूला खाली उभी होती, म्हणून तिला ते दिसलं होतं.

"इंजिन बंद करा! पाणी चाललंय चाकाखालनं!"

उतरून बघितलं. सरकताना चाकांनी काठा आडवा कापला होता. खाडीकडून शेताकडे दोन खोल चऱ्या, आणि त्यांतून पाण्याची करंगळीएवढी धार शेतात उतरायला लागली होती. भरती अजून पुष्कळ चढायची होती. मातीच्या बांधाला करंगळीची धार पुरते. तिचा हात होतो, हाताची खांड, म्हणजे मोठं भगदाड, होते आणि खांडीतून खाडी आत येते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. दार मिटवायला आणलेल्या गाडीनंच नवं दार उघडलं होतं. आणि त्या चऱ्यांत आत्ता पाणी अडवत काय असेल, तर माझी चार चाकं. गाडी काढली असती तर चऱ्या मोकळ्या झाल्या असत्या.

"गाडी हालवू नको," काका पाण्यातून म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता त्यांचा.

मग साऱ्या बाया चिखल आणायला धावल्या. टोपल्या, पेंढा, गोणपाटं. चाकांच्या फटीत चिखल दाबायचा, तो भिजून विरघळायचा. आई गुडघ्यांवर बसून मुठी मारत होती. चिखल धरून ठेवायला काहीतरी पाहिजे होतं. बायकोनं इकडंतिकडं बघितलं, मागचं दार उघडलं आणि गादी ओढली.

"अगं, ती नको!" मी ओरडलो.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाताच्या विळ्यानं गादी मधोमध फाडली, एक अर्धं एका चरीत कोंबलं, दुसरं दुसऱ्या चरीत, आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली. लाल पट्टी चिखलात जाताना मी बघितली. मग मीही टोपली उचलली, कारण उभं राहून बघणं सहन होत नव्हतं.

दुपारी पाणी चढत चढत काठ्याच्या माथ्यापासून वीतभर अंतरावर आलं. काकांनी खाडीच्या कडेला एक काडी रोवली होती आणि सगळे त्या काडीकडे बघत होते. काडी बुडत गेली. टोक तेवढं उरलं. ते टोक तसंच राहिलं, पुष्कळ वेळ राहिलं, आणि मग काडी थोडी जास्त दिसायला लागली. आई तिथंच चिखलात चाकाला पाठ लावून बसली. म्हणाली, "फिरलं पानी."

मला वाटलं होतं, ओहोटीला गाडी काढू आणि चऱ्या बुजवू. काकांनी मान हलवली. अवसेच्या दुसऱ्या दिवसाचं उधाण आणखी मोठं. त्यात वरून पाऊस. ताजी माती एका ओहोटीत धरत नाही. गाडी उपसायची तर काठा आणखी फाटणार. "नवरात्रीपातूर नाय काढता येयाची," ते म्हणाले. तोवर भाद्रपदातली उधाणं सरतील.

माझं डोकं फिरलं. रागानं रडायलाच आलं, खोटं कशाला बोलू. खाऱ्या पाण्यात दोन-अडीच महिने उभी राहिली की ती गाडी उरणार होती का? पोलिसांपासून, पाहुण्यांपासून, आरटीओपासून जपलेली. मी बायकोला बाजूला घेऊन म्हटलं, "ट्रॅक्टर आणू. आत्ताच्या आत्ता ओढू. तुझा बर्फ र्‍हायला ना!"

ती म्हणाली, "ते रोप मी लावलंय. वाकून वाकून माझी कंबर गेली. ते मिठात घालू नि बर्फ बघू?" आणि रिकाम्या टोपल्या उचलून निघून गेली.

रजा आम्ही काठ्यावरच काढली. उधाणाच्या वेळी चिखल दाबायचा, मधल्या वेळात गाडीत बसून पावसाकडे बघायचं. स्टोव्हच्या खणातला स्टोव्ह काढून तिनं चहा केला, तो काकांनी प्यायला आणि हिमालयात असा मिळेल का म्हणून विचारलं. ती हसली, मी नाही हसलो. गावकऱ्यांनी चाकांभोवती दगड लावले, माती चढवली. गणपतीपर्यंत गाडी दारांपर्यंत काठ्यात गेली होती. त्यावर गवतही उगवलं.

नवरात्र झाल्यावर साऱ्या गावानं मिळून ती उकरून काढली आणि जागा पक्की भरली. ब्रेक गंजून धरले होते, खालचा पत्रा हातानं तुटत होता. मिस्त्रीनं वडखळहून येऊन बघितली, सोंडेवर हात फिरवला आणि म्हणाला, "इंजिन वाचलंय. बाकी तुमचा जीव असंल तर करू."

कापणी चांगली झाली. नवा तांदूळ झाला त्या दिवशी आईनं भात केला, वर नुसतं वरण. बायको जेवायला बसली. चार घास खाल्ले आणि हात थांबवून म्हणाली, "एवडा महागाचा भात मी जल्मात खाल्ला नव्हता." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. त्या दिवशी काठ्यावर रडली नव्हती ती.

आईनं तिच्या पानात आणखी भात वाढला. डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "गाडी नीट करा नि जावा तुमी. लावनी-कापनी बघू नका. मी हाय इथं."

इतक्या वर्षांत आमच्या जाण्याबद्दल आईच्या तोंडून 'होऊ दे' नसलेलं हे पहिलं वाक्य. बायकोनं पदरानं नाक पुसलं.

"जाऊ की, आई," ती म्हणाली, "पन अवस नि पुनव टाळून. उधानाला घरात मानूस पायजे."