राजीनाम्याचं उट्टं

अजेय सुभेदार फौजेत गेला आणि आडनावानं पहिल्या दिवसापासून घोळ घातला. मेजर झाल्यावर तर फोनवर "मेजर सुभेदार बोल रहा हूँ" म्हटलं की पलीकडचा विचारायचा, "साब, एक कुछ बोलिए, मेजर या सूबेदार?" पुढे तो लेफ्टनंट कर्नल झाला तरी हा घोळ काही मिटला नाही. पण त्या नावानं तो कधी चिडला नाही. चिडायचा तो देवासच्या शाळेत मिळालेल्या दुसऱ्या नावानं. पोरं त्याला लांबून हाक मारायची, "ए राजीनामा!"

त्याची गोष्ट अशी. अजेयचे वडील दत्तोपंत सरकारी ओव्हरसियर. एकोणनव्वद साली सतवासकडच्या एका नाल्यावर उमाशंकर नावाच्या तरण्या ठेकेदारानं लहानशी पुलिया बांधली आणि ती वर्षाच्या आत बसली. ट्रॅक्टरची ट्रॉली खाली गेली, एका माणसाचा पाय गेला. पंतांनी अहवालात स्वच्छ लिहिलं, सिमेंट कमी, वाळू फार. उमाशंकरनं उलटी फिर्याद ठोकली की पंतांनी माझ्या मुनीमाला मारलं. पंत डाससुद्धा दोनदा विचार करून मारत.

प्रकरण साहेबांच्या टेबलावर आलं. खोलीत दहा माणसं. उमाशंकर हसत हसत म्हणाला, "पंतजी, क्यों बात बढ़ाते हो? राजीनामा लिख दो, खतम करो."

आता माळव्यात राजीनामा म्हणजे समझोता. दोघं राजी झाले, कागद झाला, फिर्याद मिटली. नोकरी सोडायची तर तिथे इस्तीफा देतात. पंतांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, वीस वर्षं हिंदीत नोकरी केली होती. पण रागात माणूस आईच्या भाषेत ऐकतो, आणि घरच्या मराठीत राजीनाम्याचा अर्थ एकच होता. चोर तो चोर, वर मलाच म्हणतो नोकरी सोड! पंत ताडकन उठले, तीन ओळी खरडल्या, सही केली, कागद साहेबांसमोर आपटला आणि घरी आले. साहेबांनी तो दिवस मावळायच्या आत मंजूर केला. त्यांनाही ते बरंच होतं. पंतांचा अहवाल फायलीतून नाहीसा झाला.

चूक ध्यानात आली तोवर वेळ गेली होती. उमाशंकरला मात्र जन्मभर पुरेल असा किस्सा मिळाला. लग्नात, पंगतीत, मंडीत, जिथे चार माणसं जमतील तिथे तो सांगायचा, "हमने तो राजीनामा माँगा था भिया, पंतजी नौकरी ही दे गए!" लोक पोट धरून हसायचे. पंत पुढे पंधरा वर्षं जगले, पण बाजारात जाताना ते आडगल्ली धरायचे. आई, म्हणजे माई, बालवाडीत पोरं सांभाळून घर चालवू लागल्या. बारा वर्षांच्या अजेयनं तेव्हाच मनाशी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

दुसरा एखादा दगड घेऊन गेला असता. अजेय पूल बांधायला शिकला. फौजेच्या इंजिनिअर दलात बावीस वर्षं काढली, अरुणाचलात आणि लडाखात फुगलेल्या नद्यांवर लोखंडी पूल टाकले, आणि पलटणीच्या रीतीप्रमाणे दर वेळी पहिल्या गाडीत स्वतः बसला. एकदा एका हवालदारानं वजनाचा आकडा चुकीचा लिहिला. त्या पुलावरून गेलेली दोन माणसं परत आली नाहीत. तेव्हापासून अजेय कुणी सांगितलेल्या आकड्यावर सही करत नसे. स्वतः मोजायचा.

निवृत्त झाला तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. त्यानं ते नाकारलं आणि धारला पूल-रस्त्यांच्या एका सरकारी निगमात विभागप्रमुखाची खुर्ची घेतली. बायको अल्पना हुशार. तिनं निगमाच्या ठेकेदारांची यादी पाहिली, त्यात कुठलं नाव आहे तेही पाहिलं, आणि म्हणाली, "नोकरी करायला चालला आहात की सूड उगवायला?"

"दोन्ही. एकाच पगारात."

पहिलं वर्ष जड गेलं. फौजेत हुकूम दिला की पूल उभा राहायचा. इथे हुकूम दिला की फाईल उभी राहायची, तीही भिंतीला टेकून. सकाळी सातला साइटवर हजर राहणारा साहेब या लोकांनी पाहिलाच नव्हता. पण अजेयनं दम धरला. ओरडायचं सोडलं, विचारायला शिकला, आणि दुसऱ्या वर्षी अडकून पडलेले तीन पूल पुरे करून दाखवले. लोक 'कर्नल साब' म्हणू लागले. तो मात्र एकाच पुलाची वाट बघत होता. तिरल्याच्या पुढे एका नदीवर उमाशंकरचा पूल चालू होता. पलीकडच्या दोन गावांना पावसाळ्यात दवाखाना नाही की शाळा नाही. जूनच्या आत पूल खुला व्हायला हवा होता, आणि त्यावर शेवटची सही अजेयची होती.

त्यानं पूल नुसता तपासला नाही, छळला. काँक्रीटचे तुकडे कापून काढले, ठोकून पाहिलं, सळ्या मोजल्या. सगळं चोख. दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथेही चोख. माईंचा देवासहून रोज फोन, "काय रे, सापडलं का काही?"

"नाही, माई."

"नीट बघ. त्याच्या हातचं धड कसं असेल?"

शेवटची परीक्षा भाराची. भरलेले डंपर पुलावर चोवीस तास उभे करायचे, पूल किती वाकला ते मोजायचं, आणि डंपर काढल्यावर किती वर आला ते मोजायचं. जितका वाकला त्याच्या शंभरातले पंचाहत्तर वर आला तर पास. दुसऱ्या दिवशी सकाळी अजेयच्या हाताखालची इंजिनिअर, उपयंत्री शिखा, डंपर बाजूला लावून घ्यायला गेली आणि पुलाखाली अजेय एकटा राहिला. त्यानं काट्यावरून हिशेब केला. एक्याण्णव.

त्याला इतका राग आला की कान तापले. हरामखोरानं पूल चांगला बांधला होता! नवाच्या जागी सात लिहायचा, बस. एकाहत्तर म्हणजे नापास, उमाशंकर काळ्या यादीत, चाळीस वर्षांची अब्रू नदीत. विचारणारं कुणी नव्हतं. त्यानं पेन कागदाला टेकवलं. पण पंतांची नोकरी गेली होती ती खरा अहवाल लिहून, आणि पंतांच्या नावानं खोटा आकडा लिहायला हात काही धजेना. दात ओठ खात त्यानं एक्याण्णव लिहिले आणि सही केली.

वर आला तर पुलावर मेळा. उमाशंकरनं निकालाआधीच दाल-बाफल्यांचा बेत मांडला होता. सत्तरीचा झाला होता, तब्येत टुणटुणीत. सरपंच रुक्मिणीबाई, दोन्ही गावांची माणसं, मजूर, सगळे जमलेले. पास म्हटल्यावर त्यानं अजेयच्या पाठीवर थाप मारली.

"मालूम था! कर्नल साब का नाम सुना, तो मैंने मिस्त्री से कह दिया, भिया, इस बार पूरा सीमेंट डालना. चालीस साल में पहली बार डाला है, कसम से!" लोक हसले. हशा मिळाल्यावर त्याला राहवेना. "ये पंतजी के बेटे हैं. अरे वही पंतजी, जिनसे हमने राजीनामा माँगा था..."

त्यानं किस्सा शेवटपर्यंत सांगितला. चौतीस वर्षं ज्या किश्श्यानं अजेयला जाळलं, तो आज त्याला नीट ऐकूही आला नाही. त्याच्या डोक्यात आधीचंच वाक्य घुमत होतं.

"शिखा," तो म्हणाला, "पंचनामा लिहा. चालीस साल में पहली बार पूरा सीमेंट डाला. ठेकेदाराचे शब्द आहेत, जसेच्या तसे. साक्षीला रुक्मिणीबाईंची सही घ्या. यांचे जुने पूल आपल्याकडे किती?"

"अकरा, सर."

"अरे साब, मजाक कर रहा था!"

"मैं नहीं कर रहा." अजेयनं डंपरांकडे बोट केलं. "डंपर भरलेले आहेतच. अकराच्या अकरा पुलांवर चढवायचे. शुरू कहाँ से करें, दादा? आप ही बताओ."

उमाशंकरच्या हातात बाफल्यांचं ताट होतं. ते त्यानं खाली ठेवलं.

"राजगढ वाले पर मत चढ़ाना."

"क्यों?"

"ड्राइवर मरेगा, साब."

राजगढच्या पुलावरून रोज यात्रेकरूंच्या बसगाड्या जात.

"और आप? आप जाते हो उस पर से?"

उमाशंकर खाली बघत पुटपुटला, "मैं तो घूम के जाता हूँ. बच्चों की गाड़ी भी घूम के ही भेजता हूँ."

अजेयला आनंद झाला. अगदी मनापासून, बारा वर्षांच्या पोराला होईल तसा झाला. आणि लगेच त्याला आठवलं, मागच्याच महिन्यात तो अल्पनाला आणि माईंना घेऊन त्याच पुलावरून देवदर्शनाला गेला होता.

दुपारी तीन वाजता त्यानं स्वतः उभं राहून राजगढच्या पुलाच्या दोन्ही टोकांना ड्रम लावले, वाहतूक वळवली आणि रंगाऱ्याला फळा रंगवायला बसवलं. शिखा म्हणाली, "सर, नियमात 'पुल क्षतिग्रस्त है' एवढंच लिहितात."

"तेही लिहा. खाली, लहान अक्षरांत."

वर, लांबच्या बसमधूनही दिसतील अशा हातभर अक्षरांत, त्यानं लिहवून घेतलं: ठेकेदार उमाशंकर खुद इस पुल से नहीं जाते.